हवेवर थंड होणाऱ्या फोर्जिंग स्टीलची ताकद कशी राखायची

मे लागला की माझ्या टेस्टिंग लॅबमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, बाहेर त्रेचाळीस डिग्री हाय, जॉब गारच होईना की ओ. हार्डनेस कमी येतोय ते त्यामुळंच असंल की?"

सोलापूरच्या उन्हाला पुष्कळ गोष्टींचा दोष देता येतो, पण हा नाही. हजार अंशांच्या लाल जॉबला (तापवून, दाबून घडवलेल्या म्हणजे फोर्ज केलेल्या स्टीलच्या भागाला) बाहेर पंधरा अंश आहेत की त्रेचाळीस, याचे फारसे सोयरसुतक नसते. इतका तापलेला जॉब आपली उष्णता मुख्यतः प्रारणाने फेकतो आणि तो हिशेब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर चालतो. हजार अंशांचा, खपली (तापल्यावर वर धरणारा ऑक्साइडचा थर) धरलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरला सव्वाशे किलोवॅटच्या आसपास उष्णता टाकतो. समोरची तापलेली शेड त्याला परत देते ती जेमतेम अर्धा किलोवॅट. जॉब ५०० अंशांवर आला तरी जानेवारी आणि मे यांच्या थंड होण्याच्या वेगातला फरक दोन टक्क्यांच्या घरात भरतो. तेवढ्याने हार्डनेस हलत नाही.

तरीही मे महिन्यात माल बिघडतो, हे खरे आहे. दोष हवेचा नसतो, आपण त्या हवेत काय करतो त्याचा असतो. त्या उकाड्यात लाल जॉब पायाशी कुणाला नको असतो, म्हणून ट्रिमिंग (कडेचे जादा स्टील कापणे) झाल्याबरोबर तो बिनमध्ये, म्हणजे साठवणीच्या पेटीत, ढकलला जातो. बिनमध्ये ढीग होतो, ढिगाच्या पोटातले जॉब तासभर लाल राहतात आणि मऊ पडतात. दुसरीकडे ट्रिमिंग प्रेसवरच्या माणसासाठी लावलेला मोठा पंखा ढिगाबाहेरच्या जॉबवर थेट वारा मारतो. ६५० ते ५०० अंशांच्या टप्प्यात असा वारा थंड होण्याचा वेग दीडपट ते दुप्पट करतो. म्हणजे एकाच शिफ्टच्या मालात काही जॉब मऊ, काही कडक आणि कडक जॉबचीही यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचे वाकू लागते तो) कमी. मग पार्टी (माल घेणारी कंपनी) म्हणते स्टील खराब, स्टीलवाला म्हणतो टीसी (स्टीलसोबतचे टेस्ट सर्टिफिकेट) बघा.

हा लेख त्या ट्रिमिंग प्रेस आणि बिन यांच्या मधल्या दहा मिनिटांबद्दल आहे. मी धातुशास्त्र शिकले, काही वर्षे चिंचोळी एमआयडीसीत फोर्जिंगच्या क्वालिटी विभागात होते, आता लॅबमध्ये नमुन्याचे बार ताणून, तोडून ताकद तपासून देण्याचे काम करते. आपल्याकडच्या छोट्या फोर्जिंग शॉपमध्ये काम करणारे सुपरवायझर आणि नवे इन्स्पेक्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. (सोलापूरचे नाव वाहन उद्योगात कॅमशाफ्टमुळे झाले, पण ते बहुतेक कॅमशाफ्ट ओतीव लोखंडाचे. त्यांचे शास्त्र वेगळे, ते इथे लावू नका.)

आधी स्टील ओळखा

ईएन ८ किंवा ईएन १९ (जुन्या ब्रिटिश नावांची नेहमीची स्टील) चा जॉब फोर्ज झाला की तो पुन्हा तापवायचा, तेलात किंवा पाण्यात बुडवायचा (क्वेंच) आणि मग टेंपर करायचा, म्हणजे कमी उष्णतेवर तापवून ठिसूळपणा कमी करायचा, हा आपला जुना रस्ता. यात दोनदा भट्टी पेटते, जॉब वाकतात, ते सरळ करावे लागतात, मधूनच एखाद्याला क्वेंचिंगची चीर जाते. जर्मनीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ४९एमएनव्हीएस३ हे स्टील क्रँकशाफ्टसाठी पुढे आले. त्यात थोडे व्हॅनेडियम घातले होते, आणि फोर्जिंगच्या उष्णतेवरूनच जॉब हवेत सोडला की पुरेशी ताकद येत होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवणारी ही युक्ती सगळ्यांनाच गोड लागली. आज आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ते ३८एमएनव्हीएस६. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टपासून हब, स्टब अ‍ॅक्सलपर्यंत ते चालते.

ताकद येते ती अशी. बिलेट (फोर्जिंगसाठी कापलेला स्टीलचा तुकडा) १२०० अंशांच्या आसपास तापतो तेव्हा व्हॅनेडियम स्टीलमध्ये विरघळलेले असते. जॉब थंड होताना तापलेल्या स्टीलमधल्या ऑस्टेनाइट या रचनेचे फेराइट आणि पर्लाइट या गार स्टीलमधल्या रचनांत रूपांतर होते आणि नेमके त्याच वेळी व्हॅनेडियम, कार्बन आणि नायट्रोजन मिळून अतिशय बारीक कण फेराइटमध्ये बसतात. साध्या मायक्रोस्कोपला ते दिसत नाहीत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. फेराइट एरवी मऊ. हे कण त्याला ताठ करतात. थंड होणे फार हळू झाले तर कण जाडसर होतात आणि ताकद पडते. फार जलद झाले तर कण पडायला वेळच मिळत नाही आणि फेराइट-पर्लाइटऐवजी बेनाइट, कधी मार्टेन्साइट या जास्त कडक रचनांचेही पट्टे येतात.

३८एमएनव्हीएस६ चा युरोपीय मानकातला आकडा पाठ करून ठेवा. मानक आहे ईएन १०२६७, १९९८ चे. यील्ड किमान ५२० एमपीए (मेगापास्कल, ताणाचे एकक), टेन्साइल (तुटण्याआधीचा कमाल ताण) ८०० ते ९५०, एलाँगेशन (तुटेपर्यंत लांबीत झालेली वाढ) किमान १२ टक्के, रिडक्शन ऑफ एरिया (तुटलेल्या जागी क्षेत्रफळात झालेली घट) किमान २५ टक्के. त्याच मानकात ३०एमएनव्हीएस६ ला यील्ड ४५० आणि टेन्साइल ७०० ते ९००, तर ४६एमएनव्हीएस६ ला यील्ड ५८० आणि टेन्साइल ९०० ते १०५०. कार्बन वाढला की टेन्साइल वाढते आणि जॉब ठिसूळपणाकडे झुकतो, हा कल या तिघांत सरळ दिसतो.

आता हे आकडे ईएन १९ च्या 'टी' कंडिशनशेजारी (क्वेंच-टेंपर करून मिळणारी एक ठरलेली ताकद) ठेवा. तिथे टेन्साइल ८५० ते १०००, यील्ड किमान ६८०. टेन्साइल बघितली तर दोघे भाऊ वाटतात. यील्डमध्ये दीडशेहून जास्त एमपीएचा फरक आहे. माझ्याकडे येणारे निम्मे वाद इथूनच सुरू होतात. कुणीतरी ड्रॉइंगवर ईएन १९ खोडून ३८एमएनव्हीएस६ लिहितो, टेन्साइलची ओळ तशीच ठेवतो, यील्ड आणि इम्पॅक्टच्याही (हिसका सोसण्याची ताकद) ओळी तशाच ठेवतो, आणि मग जॉब फेल गेला म्हणून फोर्जरच्या नावाने बोटे मोडतो. हवेवर थंड झालेल्या फेराइट-पर्लाइट स्टीलची यील्ड टेन्साइलच्या ६० ते ७० टक्के असते. क्वेंच-टेंपर केलेल्याची ८० च्या वर जाते. हा त्या रचनेचा स्वभाव आहे, तो कारागिरीने बदलत नाही. ऑर्डर घेण्याआधी ड्रॉइंग वाचा, आणि या ओळी न जुळणाऱ्या दिसल्या तर तेव्हाच लेखी विचारा.

याच कुळात कनेक्टिंग रॉडसाठीचे सी७०एस६ आहे. त्यात कार्बन ०.७० च्या आसपास, रचना जवळजवळ सगळी पर्लाइटची, आणि मोठे तोंड करवतीने न कापता फोडून दोन भाग करायचे असतात, म्हणून ठिसूळपणा तिथे हवाच असतो. बेनायटिक स्टीलही आहेत. त्यांत कार्बन कमी, मँगनीज आणि क्रोमियम जास्त, हवेवरच बेनाइट होतो आणि टेन्साइल १००० च्या पुढे जाते. त्यांच्या बाबतीत बेनाइट दिसला म्हणून घाबरू नका. पुढचे सगळे ३८एमएनव्हीएस६ धरून आहे.

टीसीत नायट्रोजन शोधा

माल आला की टीसीवर बहुतेक जण कार्बन, मँगनीज आणि व्हॅनेडियम बघून सही करतात. ३८एमएनव्हीएस६ ला कार्बन ०.३४ ते ०.४१ टक्के, मँगनीज १.२० ते १.६०, गंधक ०.०२० ते ०.०६०, व्हॅनेडियम ०.०८ ते ०.२०. हे ठीक. पण शेवटची ओळ नायट्रोजनची असते, ०.०१० ते ०.०२०, म्हणजे १०० ते २०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). व्हॅनेडियम कार्बनपेक्षा नायट्रोजनबरोबर जास्त घट्ट आणि जास्त बारीक कण करते. नायट्रोजन ५०-६० पीपीएमवर असेल तर तेवढ्याच व्हॅनेडियममधून कमी ताकद मिळते, आणि व्हॅनेडियम महाग आहे. काही टीसीवर नायट्रोजनची ओळच नसते. तेव्हा ती मागून घ्या, माल उतरवण्याआधी.

टायटॅनियमचा आकडाही बघा. ०.०१ ते ०.०२ असेल तर चांगले, कारण टायटॅनियम नायट्राइडचे कण तापलेल्या बिलेटमध्ये विरघळत नाहीत आणि स्टीलचा दाणा (स्फटिक) वाढू देत नाहीत. जास्त असेल तर ते नायट्रोजन आधीच खाऊन बसते आणि व्हॅनेडियमच्या वाट्याला काही उरत नाही.

गंधक इथे मुद्दाम ठेवलेले असते, मशिनिंगला तुकडा नीट तुटावा म्हणून. त्याची किंमत आडव्या दिशेला मोजावी लागते. मँगनीज सल्फाइडचे लांबट तंतू रोलिंगच्या दिशेने पसरतात, त्यामुळे आडवा बार काढला की एलाँगेशन आणि रिडक्शन दोन्ही कमी येतात. नमुना काढताना हे पुन्हा येईलच.

आणि टीसीवर छापलेली टेन्साइल ही रोल केलेल्या बारची असते. तुमच्या जॉबची नव्हे. तुम्ही तो बार पुन्हा १२०० अंशांना नेणार, म्हणजे त्याची आधीची ओळख पुसून टाकणार.

तापवणे

इंडक्शन हीटरमधून बिलेट ११५० ते १२५० अंशांच्या मध्ये बाहेर पडला पाहिजे. मला स्वतःला १२०० च्या आसपासचा स्थिर माल आवडतो. खाली गेलात तर व्हॅनेडियम बऱ्यापैकी विरघळते, पण डाय भरत नाही आणि प्रेसवर लोड येतो. नायोबियम असलेले स्टील असेल तर कमी तापमान चालतच नाही, कारण नायोबियम हट्टी, ते विरघळायला जास्त उष्णता लागते. वर गेलात तर दाणा मोठा होतो, हार्डनेस चांगला दिसतो आणि इम्पॅक्ट पडतो. म्हणजे जास्त तापवण्याची शिक्षा हार्डनेस मशीनवर दिसत नाही, म्हणूनच ती चूक वर्षानुवर्षे चालू राहते.

पायरोमीटर (लांबून तापमान मोजणारे यंत्र) खपलीवर रोखला तर कमी दाखवतो. खपली जिथे उडाली आहे तिथे, दरवेळी त्याच अंतरावरून बघायची सवय लावा.

लाइट गेली की हीटरच्या कॉइलमध्ये अडकलेले बिलेट हा वेगळाच विषय आहे. लाइट परत आली की ऑपरेटर हीटर चालू करतो आणि पहिले पाच-सहा बिलेट तसेच पुढे सोडतो. त्यातला एखादा अर्धवट गार होऊन पुन्हा तापलेला असतो, एखादा कॉइलच्या टोकाशी जास्त भाजलेला. हे सगळे बिलेट बाजूला काढा, रंग लावा, गार झाल्यावर वेगळे तपासा. ते चांगल्या मालात मिसळले तर नंतर शोधणे अशक्य आहे.

थंड करणे: इथेच सगळे ठरते

ट्रिमिंग झाल्यावर जॉब ९५० अंशांच्या आसपास असतो. तिथून ८०० पर्यंत काहीही होत नाही असे म्हटले तरी चालेल. ८०० ते ५०० हा टप्पा महत्त्वाचा. या टप्प्यात सेकंदाला साधारण अर्धा ते दीड अंश या वेगाने जॉब उतरला पाहिजे. स्थिर हवेत एकटा ठेवलेला ५० मिमी व्यासाचा गोल जॉब हे ३०० अंश आठ-दहा मिनिटांत उतरतो, २५ मिमीचा चार-पाच मिनिटांत. म्हणजे एकेक सुटा ठेवला तर निसर्ग तुमचे काम फुकट करून देतो. बिघडवायला माणूस लागतो.

जॉब एका थरात ठेवा. दोन जॉबमध्ये निदान एका जॉबच्या जाडीइतकी जागा असू द्या, कारण जवळ ठेवलेले लाल जॉब एकमेकांची उष्णता एकमेकांवरच फेकत राहतात. साखळीचा कन्व्हेयर असेल तर उत्तम. नसेल तर जाळीचा रॅक करून घ्या, खालूनही हवा खेळते. आपल्याकडे कुठलाही फॅब्रिकेटर भंगारातल्या अँगलमधून तो करून देतो. जॉब थेट लोखंडी प्लेटवर ठेवू नका, खालची बाजू प्लेटला उष्णता देऊन लवकर उतरते. पाणी मारलेल्या जमिनीवर तर मुळीच नाही. धूळ बसावी म्हणून दुपारी पाणी मारणे ही आपली सवय, आणि डेझर्ट कूलरमधून उडणारे तुषार ही दुसरी. ओल्या जागी पडलेल्या जॉबच्या पातळ कडेला मार्टेन्साइट येते, आणि मशिन शॉपमधून फोन येतो की इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची टोके) उडतायत.

पंखा काढून टाका असे मी म्हणणार नाही. त्या जागी उभे राहून बघितले आहे. पंखा माणसाच्या पाठीमागून लावा, कन्व्हेयरच्या उलट दिशेला, आणि मध्ये छातीइतक्या उंचीचा पत्रा उभा करा. जॉबवर वारा हवाच असेल, म्हणजे जाड जॉब आहे आणि हार्डनेस खालच्या टोकाला येतोय, तर तो मोजून द्या. कन्व्हेयरवर बोगदा करून ठरावीक पंखे लावा आणि ते माणसांच्या सोयीने चालू-बंद होणार नाहीत असे वेगळ्या स्विचवर ठेवा.

बिनमध्ये टाकायचे ते जॉब ५०० च्या खाली आल्यावर. ५०० अंशांचा जॉब उजेडात काळाच दिसतो, त्यामुळे "लाली गेली की टाका" हा नियम दिवसा धोक्याचा आहे. दुपारच्या उजेडात लाली सातशेच्या जवळपासच दिसेनाशी होते, आणि जॉबचे खरे काम तर तिथून पुढे सुरू होते. पायरोमीटर वापरा.

रात्रपाळीला एक गंमत बघता येते. शेडमधले दिवे थोडे मंद करून एका जाडसर जॉबकडे नजर लावून बसा. लाली हळूहळू उतरत जाते आणि साडेसहाशेच्या आसपास एका क्षणी थांबते, कधी किंचित उजळतेसुद्धा. ऑस्टेनाइटचे पर्लाइट होताना उष्णता बाहेर पडते, तिचा हा परिणाम. नव्या पोरांना मी फेज डायग्रामच्या आधी हे दाखवायला सांगते. एकदा ते डोळ्यांनी बघितले की बिनमध्ये ढकलण्याची घाई आपोआप कमी होते.

नवा जॉब सुरू करताना एकदा वेग मोजाच. एका जॉबला सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत ३ मिमीचे भोक पाडा, तो भट्टीत तापवा, बाहेर काढून कन्व्हेयरवर नेहमीच्या जागी ठेवा, भोकात के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घाला आणि दर ३० सेकंदांनी आकडा लिहा. थर्मोकपल नसेल तर पायरोमीटर आणि मोबाइलचे स्टॉपवॉच. ८०० ते ५०० ला लागलेले सेकंद काढा, ३०० ला त्याने भागा. हीच मोजणी पातळ भागावरही करा. जाड भाग ०.६ आणि पातळ कड २.५ आली, तर कडेचा हार्डनेस आणि रचना वेगळी येणार हे जॉब कापण्याआधीच कळते. ही दोन-तीन कागदांची नोंद मग ऑडिटमध्येही कामाला येते.

बार कुठून काढायचा आणि कसा वाचायचा

नमुना खऱ्या जॉबमधून काढा. शेजारी वेगळा तापवून ठेवलेला तुकडा हा जॉब नव्हे. सर्वांत हळू थंड होणारा जाड भाग निवडा आणि बार धाग्यांच्या दिशेने, म्हणजे फोर्जिंगचा प्रवाह जिकडे गेला तिकडे काढा. ड्रॉइंगवर जागा दिली असेल तर तीच. दिली नसेल तर पार्टीकडून लेखी ठरवून घ्या, नाहीतर ते आडवा बार काढतील, तुम्ही उभा काढाल आणि दोघेही बरोबर असाल.

१० मिमी व्यासाचा, ५० मिमी गेज लांबीचा बार आयएस १६०८ प्रमाणे तोडला जातो. समजा ०.२ टक्के प्रूफ लोड (यील्ड काढायचा भार) ४४ किलोन्यूटन आला, कमाल लोड ६८.५. बारचे क्षेत्रफळ ७८.५४ चौरस मिमी. भागाकार करा. यील्ड ५६०, टेन्साइल ८७२. तुटल्यावर गेज लांबी ५७.५ झाली म्हणजे एलाँगेशन १५ टक्के. मानेचा व्यास ७.९ म्हणजे रिडक्शन साडेसदतीस टक्के. यील्ड-टेन्साइल गुणोत्तर ०.६४. हा अगदी घरंदाज रिझल्ट आहे. जुने मिस्त्री याला "सत्तावन्न किलो यील्ड" म्हणतात, कारण ५६० ला ९.८१ ने भागले की किलो प्रति चौरस मिमीमध्ये तेवढेच येते. त्यांच्या तोंडचा आकडा टीसीशी जुळेना तर आधी एकक बघा.

रोज बार तोडणे परवडत नाही, म्हणून शॉपवर ब्रिनेल हार्डनेस चाचणी. १० मिमी गोळी, ३००० किलो लोड. ३.८ मिमीचा ठसा म्हणजे २५५ बीएचएन (ब्रिनेल हार्डनेस नंबर). त्याला ३.४ ने गुणा, ८६७ एमपीए. वरच्या बारशी जुळते. ८०० ते ९५० टेन्साइलसाठी साधारण २३८ ते २८० बीएचएन, म्हणजे ठसा ३.९ पासून ३.६५ पर्यंत. ठसा घेण्याआधी पृष्ठभाग ग्राइंडरने एक-दीड मिमी खाली न्या, कारण खपलीखालच्या थरातला कार्बन जळालेला असतो आणि तो मऊ दाखवतो. ग्राइंडर एकाच जागी दाबून जॉब निळा करू नका.

पण हार्डनेसवरून फक्त टेन्साइलचा अंदाज येतो, यील्डचा नाही. वारा लागलेल्या जॉबला २७० बीएचएन आणि ४९० यील्ड हे दोन्ही एकत्र येऊ शकते. कारण बेनाइट-मार्टेन्साइटचे पट्टे टेन्साइल वर नेतात आणि यील्ड खाली ओढतात. यूटीएमच्या (बार ताणून तोडणाऱ्या मशीनच्या) ग्राफवर हे लगेच दिसते. चांगल्या जॉबचा ग्राफ सरळ चढतो आणि स्पष्ट वळतो. पट्टे असलेल्याचा ग्राफ लवकरच वाकायला लागतो आणि गोलाई घेत वर जातो. म्हणून लॅबमधून नुसता आकडा आणू नका, ग्राफची प्रत मागा. देत नसतील तर लॅब बदला.

मायक्रो (मायक्रोस्कोपखाली दिसणारी रचना) बघताना दोन गोष्टी. दाण्यांच्या कडेने फेराइटची पांढरी जाळी आणि आत पर्लाइट, ही नेहमीची रचना. जाळी बारीक आणि तुटक असेल तर इम्पॅक्ट बरा. मोठमोठ्या खोल्यांसारखी दिसली तर बिलेट जास्त तापला होता.

इम्पॅक्ट, आणि जिथे हे स्टील घालू नये

इम्पॅक्ट ही या स्टीलची दुखरी बाजू. क्वेंच-टेंपर केलेल्या ईएन १९ ला चांगला चार्पी (इम्पॅक्ट चाचणीचा आकडा) मिळतो, पन्नास ज्यूलच्या पुढे सहज. ३८एमएनव्हीएस६ ला खोलीच्या तापमानाला दहा ते तीस ज्यूलच्या मध्ये काहीतरी येते आणि लोकांना धक्का बसतो. कार्बन कमी करून मँगनीज वाढवले, दाणा बारीक ठेवला, फोर्जिंग थोडे खालच्या तापमानाला संपवले तर सुधारते. ३०एमएनव्हीएस६ या बाबतीत बरे. तरीही ते क्वेंच-टेंपरची बरोबरी करत नाही.

म्हणून जॉब काय काम करणार हे विचारा. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, गिअरबॉक्समधला शाफ्ट यांना लाखो वेळा ठरावीक भार सोसायचा असतो. तिथे फटीग (वारंवारच्या भाराने थकून तुटणे) महत्त्वाचा, आणि गुळगुळीत केलेल्या बारची फटीग मर्यादा टेन्साइलच्या ४५ ते ५० टक्के धरली जाते, त्यात हे स्टील उत्तम चालते. जर्नलवर (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) इंडक्शन हार्डनिंगही नीट घेते. पण आपल्या जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्याने निघतात. खड्ड्यातून ट्रॉली उसळली की हूक आणि पिनवर जो हिसका बसतो, तो इम्पॅक्ट. त्यातून ती पिन कुणीतरी वेल्डिंग करून दुरुस्त करतो. अशा जॉबला मी ३८एमएनव्हीएस६ सुचवत नाही. टेन्साइल कितीही चांगली दिसो, तिथे क्वेंच-टेंपरच हवे, भले चार पैसे जास्त जावोत. मागचे वाहन सुटले तर काय होते ते पंढरपूर रोडवर राहणाऱ्याला सांगायला नको.

फेल आला तर

हार्डनेस सगळीकडेच कमी, २२० च्या आसपास, आणि मायक्रोमध्ये जाड पर्लाइट. जॉब ढिगात गार झाले. ढीग नव्हता असे सगळे शपथेवर सांगत असतील तर टीसीतला नायट्रोजन आणि व्हॅनेडियम बघा, मग हीटरचे तापमान.

हार्डनेस ठीक किंवा जास्त, यील्ड कमी, गुणोत्तर ०.५५ च्या खाली. वारा किंवा पाणी. जॉबच्या दोन बाजूंचा हार्डनेस घ्या, वीस बीएचएनहून जास्त फरक असेल तर पंखा कुठल्या बाजूला होता तेही कळते.

यील्ड आणि टेन्साइल दोन्ही चांगले, एलाँगेशन आठ-नऊ, तुटलेला पृष्ठभाग चमचमता आणि खडबडीत. जास्त तापले. बार आडवा निघाला होता का, हेही विचारा, कारण मग दोष बिलेटचा नसून दिशेचा असतो.

फेल माल वाचवायला लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे ८८० ला नॉर्मलायझिंग. इथे ती उलटते. त्या तापमानाला व्हॅनेडियमचे कण पूर्ण विरघळत नाहीत, त्यामुळे पुन्हा थंड होताना नवे बारीक कण पुरेसे पडत नाहीत. दाणा बारीक होतो, इम्पॅक्ट सुधारतो आणि टेन्साइल घसरते, बहुतेकदा ८०० च्या खाली. मऊ पडलेल्या मालाला तर ते नकोच. पार्टीने लेखी परवानगी दिली तर क्वेंच-टेंपर करून माल वाचवता येतो, पण मग तो ईएन १०२६७ चा माल राहत नाही. टीसीवर कंडिशन बदलून लिहावी लागते आणि जो खर्च वाचवायला हे स्टील घेतले तो खर्च शेवटी होतोच.

लॅबला नमुना पाठवताना जॉबवर हीट नंबर (स्टीलच्या ओतणीचा क्रमांक), शिफ्ट आणि कन्व्हेयरवरची जागा पंचने ठोकून पाठवा. खडूने लिहिलेले बसमध्ये पुसले जाते आणि मग माझ्या टेबलावर दोन सारखे जॉब येतात, कुठला ढिगातला आणि कुठला रॅकवरचा हे कुणालाच सांगता येत नाही. सोबत चिठ्ठी द्या: बिलेटचा साइज, हीटरचे तापमान, ट्रिमिंगनंतरचे तापमान, ८०० ते ५०० ला लागलेला वेळ, बार कुठून आणि कुठल्या दिशेने हवा. शिफ्टला लाइट गेली होती का, तेही लिहा.